अन्वरभाईंची महसीर

अन्वर तांबोळींनी पकडलेल्या माशाची नोंद कुठल्याही यादीत सापडणार नाही. मी शोधून पाहिली आहे. गळाने पकडलेल्या मोठ्या माशांचे विक्रम नोंदवणारी मुंबईची जी संस्था आहे, तिच्या यादीत दख्खनच्या महसीरपुढे आजही पुण्याच्या एका बिल्डरचं नाव आहे. तिथे अन्वरभाईंचं नाव असायला हवं होतं, आणि ते नाही याला थोडाफार मी कारणीभूत आहे. थोडाफार म्हणतो, कारण पूर्ण म्हणायचं धाडस अजून होत नाही.

आमची कंपनी चाकणला, म्हाळुंग्याच्या बाजूला. गाड्यांच्या स्टिअरिंगचे भाग बनवतो. मी क्वालिटीत होतो आणि अन्वरभाई गेज रूमचे प्रमुख. गेज रूम म्हणजे कारखान्यातल्या मोजमापाच्या साधनांचं माहेरघर. व्हर्निअर असो, मायक्रोमीटर असो, नाहीतर पॅकिंगमधला वजनकाटा असो, ठरलेल्या मुदतीत ते गेज रूममध्ये येणार, तपासलं जाणार, आणि त्याच्यावर एक छोटा हिरवा स्टिकर लागणार. स्टिकरवर पुढच्या तपासणीची तारीख आणि खाली अन्वरभाईंची मुंगीएवढी सही. तारीख उलटली की ते साधन बाद. मग ते कितीही चांगलं असो, त्याने मोजलेलं कोणी खरं मानायचं नाही.

"तारीख गेली की माप गेलं," असं ते म्हणत. दिवसातून तीन-चार वेळा तरी म्हणत असतील. शॉपवरची, म्हणजे मशीनवर काम करणारी, पोरं त्यांच्या माघारी हेच वाक्य त्यांच्या आवाजात म्हणून दाखवायची, आणि एकदा ते मागेच उभे होते तर त्यांनी पोराचा उच्चार सुधारून दिला होता.

माणूस बेताच्या उंचीचा. पांढरी दाढी, बारीक कातरलेली. गेज रूम कायम वीस अंशांवर ठेवावी लागते, त्यामुळे हा गृहस्थ भर मे महिन्यात कोटाखाली स्वेटर घालून बसायचा आणि जेवायला बाहेर आला की घामाघूम व्हायचा. स्वेटर काढायचा मात्र विसरायचा. मूळ तळेगाव दाभाड्यातले. वडिलांचं बाजारात घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. बोलणं अस्सल मावळातलं, आणि साहेब लोकांशी बोलतानाही ते बदलायची त्यांना कधी गरज वाटली नाही.

आमच्या एका मोठ्या साहेबांचा एक लाडका मायक्रोमीटर होता. परदेशातून आणलेला, मखमलीच्या डबीतला. एकदा ग्राहक कंपनीची माणसं आलेली असताना साहेबांनी मोठ्या रुबाबात तो काढला आणि एक पार्ट मोजायला घेतला. अन्वरभाई शेजारी उभे होते. त्यांनी चष्मा वर करून स्टिकर वाचला आणि सगळ्यांदेखत साहेबांच्या हातातून तो मायक्रोमीटर काढून घेतला.

"परवाच तारीख गेलीय सायेब. द्या हिकडं."

साहेबांचा चेहरा पडला. पाहुणे निघून गेल्यावर त्यांनी अन्वरभाईंना केबिनमध्ये बोलावून झापझाप झापलं. अन्वरभाई सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "तुमचं खरं हाय. पन दुसऱ्याचा काढून घेतो अन् तुमचा ठिवला, तर उद्या माझं कोन ऐकंल?"

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा रेहानाभाभींनी चहा दिला आणि मला स्वयंपाकघरात नेऊन पीठ मोजायचा काटा दाखवला. त्यावर हिरवा स्टिकर. रक्तदाबाच्या यंत्रावर हिरवा स्टिकर. भिंतीवरच्या घड्याळावरसुद्धा. भाभी म्हणाल्या, "बघा भाऊ. एक दिवस माझ्याबी कपाळाला चिकटवत्याल." अन्वरभाई पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "तुझी तारीख मला बघवायची न्हाई." असं लाजवणारं बोलून ते पुन्हा पेपरात शिरले, आणि भाभी हसत हसत आत गेल्या.

या माणसाला दुसरं वेड माशांचं होतं, आणि मासे म्हणजे फक्त महसीर. मोठ्या खवल्यांचा, सोनेरी अंगाचा हा मासा गळाला लागला की वेड्यासारखा पळतो. ताकदीत त्याला नद्यांमध्ये तोड नाही असं गळवाले म्हणतात. अन्वरभाई वीस-बावीस वर्षं दर रविवारी पहाटे तळेगावहून स्कूटर काढून करंजविहिऱ्याच्या पुढे, भामा नदी जिथे धरणाच्या फुगवट्याला मिळते तिथे जाऊन बसत. नाचणीच्या पिठाचा शिजवलेला गोळा, त्यात कुटलेली बडीशेप. गळाच्या टोकाला आत जो उलटा काटा असतो, तो त्यांनी कानशीने घासून काढलेला, म्हणजे माशाच्या तोंडातून गळ अलगद निघावा. मासा पकडायचा, भाभींच्या जुन्या सुती साडीच्या झोळीत घ्यायचा, टांगून वजन करायचं, फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा. सगळं मिळून दोन मिनिटं. दोन मिनिटांच्या वर मासा अडकवून ठेवायचा नाही हा त्यांचा नियम होता. मासे ते खात, पण बाजारातले. "वळखीचं खाववत न्हाई," म्हणत.

मी तीन-चारदा त्यांच्याबरोबर गेलो. पहिल्या वेळी मी काठावर उभा राहून फोनवर बायकोशी बोलत होतो. त्यांनी हातवारे करून मला बोलावलं, शेजारी बसवलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "साळवे, तुझ्या घरचं सगळं खालच्या माशांस्नी कळालं. आता बास कर." त्या दिवशी काहीच लागलं नाही, आणि परत येताना त्याचं खापर त्यांनी माझ्या बायकोवर फोडलं.

गळवाल्यांच्या दुनियेत मात्र अन्वरभाई फारसे लोकप्रिय नव्हते. त्याचं कारण तो पुण्याचा बिल्डर. एका मेळाव्यात हा बिल्डर आपला विक्रमी मासा रंगवून सांगत होता. अन्वरभाईंनी पिशवीतून पाच किलोचं प्रमाणित वजन काढलं आणि म्हणाले, "तुमचा काटा द्या जरा." काटा तिथेच होता. वजन टांगलं, तर काट्याने पाच किलो तीनशे दाखवलं. लोक हसले. बिल्डर म्हणाला, "आज बिघडला असेल, तेव्हा बरोबर होता." संस्थेने चौकशी केली. मासा पकडला त्या दिवशी काट्याचं प्रमाणपत्र चालू मुदतीचं होतं, त्यामुळे विक्रम कायम राहिला. पण तेव्हापासून त्या मंडळींनी अन्वरभाईंकडे असं बघायला सुरुवात केली की हा माणूस कधी चुकतो बघू.

विक्रम त्यांना हवा होता. हे मी स्पष्ट लिहितो, कारण पुढे लोक त्यांना साधुसंत ठरवायला लागले. साधुसंत ते नव्हते. कंपनीच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसायचो. एकदा ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "साळवे, तीस वर्सं दुसऱ्याची मापं खरी हायेत म्हणून सही करतोय. माझी सही कुनी वाचत बी न्हाई, एवढी बारीक असती. एकदा माझं सोताचं माप कुठंतरी लिवलेलं असावं. बास, एवढंच." निवृत्तीला तेव्हा दीड वर्ष राहिलं होतं.

तो मे महिन्याचा शेवटचा रविवार. आधीचा आठवडाभर कंपनीत ग्राहकांचं ऑडिट चाललं होतं आणि अन्वरभाई रोज दोन-दोन शिफ्टा काढत होते. कारखान्यातल्या अकराशे साधनांपैकी एकाचीही तारीख उलटलेली निघाली नाही. ऑडिटची राहिलेली कागदपत्रं पुरी करायला मी त्या रविवारी कंपनीत आलो होतो. पावणेआठला त्यांचा फोन आला. आवाज ओळखू येईना.

"साळवे, लागलीय. झोळीत हाय. ईस किलोच्या वर हाय रे. माझा अंदाज चुकत न्हाई."

बिल्डरच्या माशाचा आकडा एकोणीसच्या आत होता. मी ओरडलोच, "मग करा की वजन!"

"माझ्या काट्याची तारीख गुरुवारी गेली," ते म्हणाले. "ऑडिटच्या नादात ऱ्हायलं. गेज रूममधला टांगायचा काटा घिऊन ये. चावी तुला म्हाईत हाय कुठं असती. लवकर ये. मी तिला पान्यातच धरून ठिवतो."

आज विचार करतो तेव्हा वाटतं, मी त्याच क्षणी म्हणायला हवं होतं की अन्वरभाई, तीन दिवसांनी काय फरक पडतोय, करा वजन आणि सोडा. पण ज्याने साहेबाच्या हातातून मायक्रोमीटर काढून घेतला त्याला हे सांगणार कोण? आणि त्या बिल्डरसमोर तारीख उलटलेल्या काट्याचं वजन घेऊन ते कसे उभे राहणार? मी धावत गेलो, काटा घेतला, स्टिकर पाहिला. हिरवा, चालू मुदतीचा.

गेटवर शिंदे होता. बीडचा माणूस, प्रामाणिक, नव्यानेच कायम झालेला.

"गेटपास, सायेब?"

"शिंदे, तांबोळीसाहेबांनीच मागवलाय."

"असंल. पन त्यांनीच सांगून ठिवलंय बगा, माझी सही असल्याबिगर गेज रूमची सुई बी भायेर जाऊ द्यायची न्हाई. मला लेकरंबाळं हायेत सायेब."

हा नियम अन्वरभाईंनीच घातलेला. मागे एक व्हर्निअर गायब झाला होता तेव्हापासूनचा. मी फोन लावून शिंद्याच्या कानाला लावला. तिकडे नेटवर्क येत-जात होतं. शिंदे म्हणाला, "आवाज त्यांचाच हाय, पन सही आवाजात कशी येईल?" आणि गंमत बघा, अन्वरभाईंना त्याचं म्हणणं पटलं. त्यांनी धोंडिबाला, म्हणजे काठावर राहणाऱ्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला, झोळी धरायला लावली. स्वतः बाहेर आले, वहीच्या कागदावर गेटपास लिहिला, त्याचा फोटो पाठवला. साधनाचा क्रमांक, बाहेर जाण्याचं कारण, परत येण्याची वेळ, सही. सगळं रीतसर. तो फोटो तिकडून इकडे पोचायला पस्तीस मिनिटं लागली. शिंद्याने तो पाहिला, रजिस्टरात लिहिलं आणि मला सलाम ठोकला.

मी गाडी काढली आणि आंबेठाण चौकात अडकलो. चाकणला राहणाऱ्याला यापुढे काही सांगायला नको. नाशिक रस्त्यावर सुट्टीचे लोक, कंपन्यांचे कंटेनर, मध्येच एक बंद पडलेला ट्रेलर. अर्ध्या तासात मी शंभर फूट सरकलो असेन. नऊ वाजून गेले होते. फोन वाजला.

"साळवे, कुठं आलास? पानी तापाया लागलंय. तिचं काय खरं दिसत न्हाई मला. सोडून देऊ का?"

माझ्यासमोर कंटेनरचं मागचं दार होतं. चौक ओलांडला तरी पुढे वीस-बावीस किलोमीटर. मी म्हणालो, "सोडू नका अन्वरभाई. आलोच. दहा मिनिटांत पोचतो."

हे आपण सगळेच म्हणतो. हिंजवडीच्या रांगेत उभे राहून म्हणतो, भोसरीच्या पुलाखालून म्हणतो. घरचे आपोआप त्याचा तास धरतात. पण मी हे ज्याला सांगितलं तो माणूस आयुष्यभर मायक्रॉनमध्ये बोलला होता, हे मला ठाऊक होतं. मला तो विक्रम त्यांच्यासाठी हवा होता. आणि अर्जावर साक्षीदार म्हणून माझं नाव येणार होतं, तेही हवं होतं. खोटं कशाला बोलू?

मी पोचलो तेव्हा दहाला पाच कमी होते. अन्वरभाई छातीभर पाण्यात उभे होते. दोन्ही हातांवर झोळी, आणि ते तिला पुढे-मागे, पुढे-मागे हलवत होते, म्हणजे तिच्या कल्ल्यांतून पाणी जात राहावं. गेटपास लिहायला गेले ती वेळ सोडली तर दोन तासांच्या वर ते तसे उभे होते. ओठ सुकून पांढरे पडले होते. वजन केलं. झोळीचं वजा जाऊन वीस किलो तीनशे चाळीस ग्रॅम. लांबी मोजली, फोटो काढले. मी सही केली, धोंडिबाने अंगठा उमटवला. असा मासा मी परत पाहिला नाही. पाठीवरचं एकेक खवलं तळहाताएवढं आणि उन्हात पितळेसारखं चकाकणारं.

मग सोडायची वेळ आली. संस्थेचा नियम असा की मासा जिवंत सोडला तरच विक्रम. मी व्हिडिओ काढत होतो. पहिल्यांदा सोडली तर ती कुशीवर झाली. त्यांनी परत धरली. दुसऱ्यांदा तेच. "चल बये, चल," ते पुटपुटत होते. "चूक झाली माझी. चल आता." तिसऱ्यांदा तिने शेपटी हलवली आणि हळूहळू खोल पाण्यात गेली. अन्वरभाई बराच वेळ तसेच वाकून पाण्यात बघत राहिले. काठावर येऊन त्यांनी अर्ज भरला. 'मासा जिवंत सोडला का?' यापुढे लिहिलं, होय. मी त्यांना मिठी मारली. ते ओलेचिंब होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडिबाचा फोन आला. आम्ही दोघं हाफ डे टाकून गेलो. ती काठाला लागली होती, पोट वर करून. धोंडिबा म्हणाला, "भाई, आता हाय ते हाय. वस्तीवर वाटू का? कुत्री वढत्याल न्हाईतर." अन्वरभाई म्हणाले, "न्या. वाया घालवू नगा." मी त्यांना म्हटलं, चला आता. ते हलले नाहीत. धोंडिबाच्या सुनेने खडकावर ठेवून तिला चिरलं, तेव्हा पोटातून पिवळ्याधमक अंड्यांचा ढीग बाहेर आला. पाऊस आठवड्यावर होता. अंडी घालायला ती नदीत वर चढायच्या तयारीत असणार.

अन्वरभाई खाली बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "तिच्या वजनात ह्यांचं बी वजन व्हतं, साळवे."

मंगळवारी मी काही कामाने गेज रूममध्ये गेलो. ते स्वतःचा तो काटा, गुरुवारी तारीख उलटलेला, स्टँडवर टांगून तपासत होते. एक किलो, पाच किलो, दहा, वीस, पंचवीस. मी मागून बघत होतो. प्रत्येक वजनाला आकडा बरोबर, एका ग्रॅमचाही फरक नाही. शेवटचं वजन उतरवून त्यांनी नवा हिरवा स्टिकर लावला, त्यावर सही केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बरोबर हाय हा. रविवारी बी बरोबरच असनार." मला तिथे उभं राहवेना.

अर्ज अजून पाठवला नव्हता. कंपनीत मात्र बातमी फुटली होती. गेटवरच्या फळ्यावर त्यांचं नाव आणि अभिनंदन खडूने लिहिलेलं. दुपारच्या सुट्टीत त्यांनी माझ्यासमोर अर्ज काढला, 'होय' वर एक रेघ मारली, शेजारी 'नाही' लिहिलं आणि बारीक सही केली.

मी भांडलो. "अन्वरभाई, सोडली तेव्हा ती जिवंत होती. व्हिडिओ आहे. नियमात एवढंच लिहिलंय. दुसऱ्या दिवशीचं कोण विचारतंय?"

"कुनीच न्हाई इचारनार," ते म्हणाले.

"मग?"

"मंग काय? मला म्हाईत हाय की."

कारण विचारलेल्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'वजनासाठी थांबवून ठेवल्यामुळे.' माझा उल्लेख नाही, गेटचा नाही, रस्त्याचा नाही. संस्थेचं उत्तर पंधरा दिवसांत आलं. आपल्या प्रामाणिकपणाचं कौतुक वाटतं, परंतु नोंद करता येत नाही. ते पत्र त्यांनी मला वाचायला दिलं आणि परत घ्यायला विसरले. फळ्यावरचं अभिनंदन त्यांनी त्याच मंगळवारी स्वतःच्या रुमालाने पुसलं होतं. शिंद्याने मला नंतर विचारलं, "सायेब, माझ्यामुळं उशीर झाला का हो?" मी म्हणालो, नाही, रस्त्यामुळे झाला. बिचारा सुटल्यासारखा हसला.

यानंतर अन्वरभाईंनी गळ हातात धरला नाही. दोन्ही रॉड सोमाटण्याच्या कुणा माणसाला देऊन टाकले. रविवारी घरीच बसायचे. भाभी मला फोन करून म्हणायच्या, "भाऊ, कुठंतरी घिऊन जावा ह्यांना. नुसतं छताकडं बघत्यात." मी एकदा गेलो, चहा घेतला आणि परत आलो. मला त्यांच्यासमोर फार वेळ बसवत नव्हतं.

कामावरही ते बदलले. एकदा एक ऑपरेटर भोकांचं माप तपासायचा प्लग गेज घेऊन भीत भीत आला. तारीख आदल्या दिवशी उलटली होती, लाईन बंद पडणार होती. अन्वरभाईंनी गेज हातात घेऊन फिरवून बघितला आणि परत दिला. "वापर. सांजच्याला आनून दे." ऑपरेटरचा विश्वास बसेना. आमच्या खात्यात दिवसभर याचीच चर्चा. एक जण म्हणाला, चला, म्हातारा सुधारला. मला रडू यायचं बाकी राहिलं होतं. 'तारीख गेली की माप गेलं' हे त्यांच्या तोंडून मी पुढे ऐकलं नाही, आणि शॉपवरच्या पोरांनीही नक्कल करणं सोडून दिलं.

निवृत्तीनंतर दोन वर्षांत त्यांची किडनी गेली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. मी तोवर पुनावळ्याला राहायला गेलो होतो. तळेगाव काही लांब नाही, पण माझं जाणं होत नव्हतं. खरं म्हणजे मी टाळत होतो. दहा मिनिटांचं मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. शेवटी गेल्या हिवाळ्यात भाभींनी बोलावलं. "आठवण काढत्यात. येऊन जावा."

ते ओट्यावर खुर्चीत बसले होते. अंगाने निम्मे झालेले, दंडाची शीर दोरीसारखी फुगलेली. साडेअकराला रिक्षा येणार होती दवाखान्यात न्यायला. इकडचं तिकडचं बोलून झालं. कंपनीत कोण आहे, कोण गेलं. भाभी आत गेल्या तेव्हा मला राहवलं नाही.

"अन्वरभाई, त्या दिवशी तुम्ही फोन केला तेव्हा मी दहा मिनिटांवर नव्हतो. आंबेठाण चौकातच होतो."

"म्हाईत हाय."

मला वाटलं त्यांनी नीट ऐकलं नाही. "कधी कळलं?"

"तवाच. फोनमधी कंटेनरचे हारन वाजत व्हते. करंजविहिऱ्याच्या रस्त्याला कंटेनर येतो व्हय?"

"मग सोडली का नाही तिला?" माझा आवाज चढला. इतक्या वर्षांचं सगळं त्यात होतं. "माहीत होतं तर सोडायची होती ना!"

ते आपल्या हातांकडे बघत राहिले. मग हळू म्हणाले, "सोडायची असती तर तुला कशाला फोन केला असता, साळवे? हात काढले असते, गेली असती. तू नगं म्हनावंस म्हनून केलता."

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. हात थंडगार होता आणि त्याला वजन असं नव्हतंच.

"तू लई दिवस घिऊन फिरलास ते," ते म्हणाले. "तू मला आधी सांगाय पायजे व्हतं. मला बी बोलाय कुनी न्हवतं."

रिक्षा आली. मी आणि भाभींनी त्यांना दोन्हीकडून धरून आत बसवलं. मी बरोबर येतो म्हणालो, तर नको म्हणाले, चार तास काय करशील तिथं. भाभी शेजारी बसल्या आणि त्यांनी आपला हात त्यांच्या पाठीमागून घालून त्यांना सरळ धरून ठेवलं. रस्ता खडबडीत होता. रिक्षा सावकाश निघाली, आणि गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत मला मागून त्यांची मान दिसत होती, प्रत्येक खड्ड्याला हलणारी.

तीन आठवड्यांनी भाभींचा फोन आला, अन्वरभाई गेले.